रॅम घेण्याआधी पानाचा हिशेब

तुळशीचं लग्न लागलं की आदिलाबादच्या फोटो स्टुडिओंमधले दिवे रात्री उशिरापर्यंत सुरू राहतात. दिवसा हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात. रात्री सिस्टीमपुढे बसून फोटोंची निवड आणि अल्बमची पानं. सोयरीक कुणाची किनवट-माहूरकडची, कुणाची पांढरकवड्याची, कुणाची निर्मलची. पत्रिका कधी मराठीत, कधी तेलुगूत, पुष्कळदा दोन्हींत. अशाच एखाद्या रात्री बाराव्या पानावर फोटोशॉप अडकतं. निळं वर्तुळ फिरत राहतं, खिडकी पांढरी पडते, आणि शेवटी ‘स्क्रॅच डिस्क भरली आहे’ असा संदेश येतो. पाहुणे परवा अल्बम घ्यायला येणार असतात.

दुसऱ्या दिवशी ज्याला विचाराल तो एकच सल्ला देतो : रॅम वाढवा. मी एका स्टुडिओत हे होताना पाहिलं आहे. ८ जीबीची रॅम १६ जीबी केली, पैसे गेले, आणि आठवड्याभरात तोच संदेश पुन्हा आला. सी ड्राइव्हवर जेमतेम सहा जीबी जागा उरली होती. दुखणं तिथं होतं आणि औषध भलतीकडे चाललं होतं. रॅम लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण आपलं एक पान मेमरीत किती जागा घेतं हे ज्याला सांगता येतं, त्याचे पैसे योग्य ठिकाणी जातात. म्हणून आधी हिशेब करू.

‘फोटो तर आठच एमबीचा आहे’ हे वाक्य सगळ्यात जास्त फसवतं. आठ एमबी हे डिस्कवरच्या जेपेग फाईलचं माप झालं. आपल्याकडच्या माणसाला हे कापसावरून लगेच कळेल. प्रेसिंगमधून निघालेली गाठ ट्रकच्या कोपऱ्यात बसते. तीच सोडली की खोली भरते. जेपेग ही दाबलेली गाठ आहे. फोटोशॉपमध्ये उघडताना ती पूर्ण सुटते, आणि मग तिची जागा एकाच गोष्टीवर ठरते : फोटोत पिक्सेल किती. रुंदीचे पिक्सेल गुणिले उंचीचे पिक्सेल गुणिले रंगांचे चॅनेल तीन, एवढे बाइट. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० असतो. त्याचे ७ कोटी २० लाख बाइट होतात. फोटोशॉप ते सुमारे ६९ एमबी दाखवतं. हा ८ बिटचा आकडा. तोच फोटो १६ बिटमध्ये उघडलात तर थेट दुप्पट.

आता अल्बमचं पान घ्या. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल. नुसतं कोरं पांढरं पान ८ बिटमध्ये १११ एमबी. त्यावर अजून नवरी यायची आहे, नवरदेव यायचा आहे, मागची फुलं यायची आहेत. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डाव्या बाजूला ‘डॉक’ लिहून दोन आकडे दिसतात. पहिला आकडा सगळे लेयर एकत्र केल्यावरचा, दुसरा आत्ता लेयरसकट असलेला. दोन्ही अंदाजेच असतात, पण दुसऱ्यावर नजर ठेवायची सवय लावा. तो ११० वरून १८०० वर कधी गेला हे ज्याच्या लक्षात येतं, तो अडकण्याआधी थांबतो.

हा आकडा फुगतो कशानं? पहिलं कारण, फोल्डरमधून फोटो ओढून पानावर टाकायची सवय. असा टाकलेला फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट होऊन बसतो, म्हणजे मूळचा सगळा फोटो फाईलच्या पोटात जातो. पानावर त्याला जागा मिळालेली असते ५ बाय ७ इंचांची. तेवढ्या जागेला ३०० डीपीआयने १५०० बाय २१०० पिक्सेल पुरतात, म्हणजे नऊ एमबी. आपण सांभाळत असतो एकोणसत्तर. पानावर आठ फोटो असतील तर फरक किती पडतो ते तुम्हीच मोजा. स्मार्ट ऑब्जेक्टचा फायदा खरा आहे : लहान करून पुन्हा मोठा केला तरी फोटो फाटत नाही. म्हणून नवरा-नवरीच्या मुख्य फोटोसाठी तो ठेवा. करवल्यांचे, पंगतीचे, आहेराचे फोटो एकदा जागेवर पक्के बसले की लेयरवर राइट क्लिक करून रास्टराइज करून टाका.

दुसरं कारण डोळ्याला दिसत नाही. रास्टराइज केलेला फोटो पानापेक्षा मोठा असेल तर पानाबाहेर लोंबणारा भागही मेमरीत राहतो. कंट्रोल आणि ए दाबून सगळं पान निवडा आणि इमेज मेनूतून क्रॉप करा. बाहेरचे पिक्सेल कापले जातात आणि दुसरा आकडा समोरच खाली येतो. फक्त फोटो इकडेतिकडे सरकवायचा असेल तर आधी सरकवून घ्या, कापलेला भाग परत येत नाही.

तिसरं कारण तयार डिझाइनं. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या पीएसडी फाईलींत चाळीस-चाळीस लेयर असतात, त्यातले निम्मे डोळा मिटलेले. डोळा मिटला म्हणून लेयर जागा सोडत नाही. डिझाइन पसंत पडलं की लेयर मेनूत डिलीट आणि त्यात हिडन लेयर्स, एवढं करायला दहा सेकंद लागतात. मूळ फाईलची प्रत तेवढी बाजूला ठेवा.

रंग सुधारण्यासाठी फोटोची प्रत काढून तिच्यावर काम करायची रीत जुनी आहे, आणि मला ती सोडवत नाही असं म्हणणारे कुशल हात मी पाहिले आहेत. पण ब्राइटनेस, कर्व्ह, रंगछटा यांसाठी ॲडजस्टमेंट लेयर असतो. तो स्वतः पिक्सेल धरत नाही, सूचना धरतो. त्याचा मास्क तेवढा जागा घेतो, आणि मास्क हा एकच चॅनेल. आपल्या १२ बाय ३६ च्या पानावर पूर्ण भरलेला मास्क जास्तीत जास्त ३७ एमबी, तर पूर्ण भरलेली प्रत १११. राजगोंडांच्या दिवाळीच्या दंडारीत नाचणाऱ्या गुसाडीचा फोटो कापायला घेतला तर हा फरक लगेच कळतो. मारलवाईच्या कनका राजूंना २०२१ साली गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. तेव्हापासून बॅनरवर, दिनदर्शिकेवर, शाळेच्या स्मरणिकेवर गुसाडीचा फोटो हवाच असतो. मोरपिसांचा तो टोप नीट सोडवायचा म्हणजे तासाभराचं काम. त्यात चार प्रती काढून, खोडरबरानं खोडून, पुन्हा प्रत काढून काम केलं तर मशीन दमतं आणि पिसंही हरवतात. एकच लेयर, त्याला एक मास्क, पांढऱ्या-काळ्या ब्रशनं दुरुस्ती. चुकलं तर पीस परत आणता येतं.

१६ बिटबद्दल एक शब्द. रॉ फोटोचा उजेड, आकाश, नवरीच्या शालूचा लाल रंग हे सगळं कॅमेरा रॉमध्येच बसवून घ्या. तिथं १६ बिटचा उपयोग आहे. अल्बमच्या पानावर यायच्या वेळी ८ बिट करा. लॅबला जाणारी जेपेग ८ बिटचीच असते. लॅबला एक प्रश्नही विचारून ठेवा : २५० डीपीआय चालेल का? चालत असेल तर तेच पान १११ ऐवजी ७७ एमबीचं होतं, आणि हातात धरून पाहायच्या अल्बमात हा फरक मला तरी कधी ओळखता आलेला नाही.

आता हिस्टरी. मागे जाता यावं म्हणून फोटोशॉप प्रत्येक पायरी लक्षात ठेवतं; नव्या आवृत्त्यांत मुळातच ५० पायऱ्या. गालावरचा एक डाग काढला तर बदललेला तुकडाच साठतो, ओझं फारसं नाही. पण सगळ्या पानावर ब्लर दिला, नॉइज दिला, लिक्विफाय केलं की पायरीगणिक अख्ख्या लेयरएवढी जागा जाते. पन्नास पायऱ्या गुणिले १११ एमबी म्हणजे साडेपाच जीबी, तेही एका लेयरचे. ८ जीबीच्या मशीनवर हा आकडा २० ठेवा. एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात परफॉर्मन्स, तिथं हिस्टरी स्टेट्स. मध्येच जड वाटू लागलं तर एडिट मेनूतलं पर्ज वापरा, पण फाईल सेव्ह करून मगच. पर्ज केलेलं अन्डू होत नाही.

त्याच परफॉर्मन्सच्या पानावर फोटोशॉपनं किती रॅम वापरावी याचा पट्टा आहे. मुळात तो ७० टक्क्यांवर असतो. तो ओढून १०० वर नेणं म्हणजे घरातले सगळे पैसे एकाच भावाच्या हातात देणं. विंडोजला काही उरलं नाही की सगळंच थांबतं. ८ जीबी असेल तर ७० राहू द्या. १६ असेल आणि शेजारी फक्त व्हॉट्सॲप उघडं असेल तर ८० पर्यंत चढवा, पाच-पाच टक्क्यांनी, दर वेळी फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडून. क्रोमच्या वीस टॅबा मागे चालू ठेवून पट्टा कितीही सरकवला तरी काही हाती लागणार नाही.

पुष्कळांना एक शंका येते : सगळ्या फाईली बंद केल्या तरी टास्क मॅनेजरमध्ये फोटोशॉप चार जीबी धरूनच का? हा बिघाड नाही. पुढच्या फाईलसाठी ते मेमरी हाताशी ठेवतं. परत हवी असेल तर फोटोशॉप बंद करून उघडा. त्यासाठी रॅम साफ करणारी ॲप मात्र टाकू नका. ती रॅममधला मजकूर डिस्ककडे ढकलून आकडा कमी दाखवतात, आणि पुढच्याच क्लिकला तो मजकूर डिस्कवरून परत ओढावा लागतो. विंडोजची पेजिंग फाईल बंद करा असं सांगणारे व्हिडिओही पाहण्यात येतात. तसं करू नका. ती विंडोजच्या ताब्यात राहू द्या.

स्क्रॅच डिस्कवर थोडं सावकाश बोलायला हवं, कारण आपल्याकडे निम्मी दुखणी इथली आहेत. रॅममध्ये मावलं नाही की फोटोशॉप उरलेलं काम डिस्कवर मांडतं. त्या जागेला स्क्रॅच म्हणतात. ती कुठं असावी हे प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क्स या पानावर ठरतं, आणि बहुतेक मशीनवर तिथं फक्त सी ड्राइव्हवर खूण असते. सी ड्राइव्हवर विंडोज, डाउनलोड, डेस्कटॉपवर टाकलेली तीन लग्नं. स्क्रॅचला उरतं काय? मग माणूस खूण डी ड्राइव्हवर नेतो आणि वेग काही वाढत नाही. कारण आपल्याकडे डी म्हणजे पुष्कळदा त्याच डिस्कचा पाडलेला दुसरा भाग असतो. शेत एकच, मध्ये बांध घातला म्हणून विहिरी दोन होत नाहीत. जागा मिळते, वेग मिळत नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ असं वेगवेगळं दिसत असेल तरच डिस्का दोन आहेत असं समजा.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी हलवते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, एनव्हीएमई त्याच्याही कितीतरी पुढे. म्हणून जुन्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या मशीनला पहिली खरेदी एसएसडीची करावी असं माझं ठाम मत आहे. रॅम दुसऱ्या नंबरवर. एसएसडीवर स्क्रॅचसाठी पन्नासेक जीबी कायम मोकळे ठेवा. फोटोंचा साठा हार्ड डिस्कवर राहू दे. पेन ड्राइव्ह स्क्रॅच म्हणून कधीच देऊ नका.

आणि फोटोशॉप उघडतानाच ‘स्क्रॅच भरली’ म्हणून बंद होत असेल तर? आयकॉनवर डबल क्लिक केल्याबरोबर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा. स्क्रॅच निवडायची खिडकी आधी उघडते, तिथं दुसरा ड्राइव्ह द्या. लाईट जाऊन मशीन मध्येच बंद पडलं असेल तर विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या मोठमोठ्या फाईली मागे राहतात. फोटोशॉप बंद असताना त्या काढून टाका, कित्येकदा वीस-तीस जीबी तिथंच सापडतात. लाईटचा विषय निघालाच आहे तर फाईल हँडलिंगमध्ये आपोआप सेव्ह होण्याची वेळ दहा मिनिटांवरून पाचवर आणा.

काम रॅममध्ये मावतंय की डिस्कवर सांडतंय हे कळायला खिडकीच्या तळाशी डॉकच्या आकड्याशेजारी बाण आहे. त्यावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. १०० टक्के दिसत असेल तर रॅम पुरते आहे, वेगाचं दुखणं दुसरीकडे शोधा. पान उघडल्यापासून तो आकडा ऐंशी, सत्तरवर घसरून तिथंच राहत असेल, आणि लेयर-हिस्टरीची वरची सगळी आवराआवर करूनही वर चढत नसेल, तर आता रॅम घ्या. तेव्हाचा तो खर्च अगदी योग्य.

घेताना नागपूरला किंवा हैदराबादला जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडून मोबाईलनं फोटो काढून न्या. किती खाचा आहेत, किती भरल्या आहेत, वेग किती हे तिथं लिहिलेलं असतं. डीडीआर ३, ४ आणि ५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपला चालत नाही. एक १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन सारख्या पट्ट्या बऱ्या, दोन्ही वाटांनी मजकूर ये-जा करतो. आणखी एक गोष्ट खरेदीआधी पाहा : प्रोग्रॅम ३२ बिटचा तर नाही ना. ३२ बिटचा प्रोग्रॅम ४ जीबीपलीकडचा पत्ता मोजूच शकत नाही, मशीनमध्ये ३२ जीबी असली तरी. विंडोजवर ६४ बिटचं फोटोशॉप २००८ च्या सीएस ४ पासून आलं. त्याआधीची सीडी अजून चालवत असाल तर नव्या रॅमचा तिला उपयोग फार थोडा.

शंभर-दीडशे फोटोंना एकच रंग द्यायचा असेल तर ते एकदम उघडू नका. चाळीस फोटो उघडले की जवळजवळ पावणेतीन जीबी नुसत्या उघडण्यात गेले. ॲक्शन बनवा आणि बॅचनं फोल्डर चालवा. एक उघडतो, सुधारतो, सेव्ह होतो, बंद होतो. कुंतला धबधब्याचे सात फोटो जोडून लांबट चित्र करताना हेच दुसऱ्या रीतीनं : छापायचं बारा बाय छत्तीसवरच असेल तर फोटो आधी निम्म्या मापाचे करून मग जोडा. माप निम्मं केलं की पिक्सेल चौथा हिस्सा उरतात. अनू स्क्रिप्ट आणि श्रीलिपी दोन्हींचे शेकडो फॉन्ट टाकलेले असतील तर टाइप मेनूतून फॉन्टचा नमुना दाखवणं बंद करा, यादी चटकन उघडेल.

फोटोशॉपऐवजी गिंप वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी : एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टीम रिसोर्सेस. तिथं टाइल कॅशे हाच रॅमचा पट्टा. ८ जीबीच्या मशीनवर ४ जीबी ठेवा. स्वॅप फोल्डर म्हणजे त्याचा स्क्रॅच, तो एसएसडीवर द्या. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून डॅशबोर्ड नावाची खिडकी आहे, तिच्यात कॅशे किती भरला आणि स्वॅप किती गेला हे चालू कामात दिसतं. फोटोशॉपमध्ये मला ही सोय इतकी स्पष्ट कधी मिळाली नाही. लेयर पानापेक्षा मोठा राहिला तर ‘लेयर टू इमेज साइझ’ करा.

शेवटी जुन्या फोटोंचं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात मारलवाईत राहिले. त्यांनी टिपलेले राजगोंडांचे फोटो आज लंडनच्या सोआस विद्यापीठात जपलेले आहेत. आपल्या घरांतल्या ट्रंकांमध्येही त्या काळचे आणि नंतरचे कृष्णधवल फोटो आहेत : केसलापूरच्या नागोबा जत्रेतले, जिनिंगच्या आवारातले, आजोबांच्या लग्नातले. ते स्कॅन करून दुरुस्त करायला लोक आता स्टुडिओत आणतात, आणि हे काम साध्या मशीनवर उत्तम होतं. १२०० डीपीआयचा मोह नको. ४ बाय ६ इंचाचा कागदी फोटो रंगीत १२०० वर स्कॅन केला तर शंभर एमबीला पोचतो, आणि त्यात वाढतं ते बहुधा कागदाचं दाणेदार पोत. ६०० डीपीआय पुरे, निगेटिव्ह असेल तरच पुढं जा. पिवळे डाग पडले असतील तर पहिला स्कॅन रंगीत घ्या, कारण डाग निळ्या चॅनेलमध्ये जास्त दिसतो आणि लाल चॅनेल पुष्कळदा स्वच्छ निघतो. तो स्वच्छ चॅनेल घेऊन इमेज, मोड, ग्रेस्केल करा. तीन चॅनेलांचा एक झाला. फोटो आठ-सव्वाआठ एमबीचा राहिला. आता चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवरही आजीच्या नथीभोवतीची भेग हळूहळू, वीस पायऱ्या मागे जाण्याची मुभा ठेवून, भरत बसता येतं.